अक्षर आलंय 'डे', नाव हवंय कवितेतलं

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या मुलीचा जन्म चार दिवसांपूर्वी झाला. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू. पत्नी मंगळवेढ्याकडची, मराठीत एम. ए. नाव साहित्यातलंच हवं, हा तिचा हट्ट. तिच्या मनात देवयानी, कादंबरी आणि विशाखा ही तीन नावं आहेत. माझ्या बहिणीनं मोबाईलवरून 'रेयांशी' शोधलंय. आणि नानम्मा (तेलुगूत वडिलांची आई) म्हणतेय, आश्लेषाचा तिसरा चरण आहे, अक्षर 'डे' आलंय, नाव त्यावरूनच ठेवा. बारशाला आठ दिवस राहिलेत. काय करावं?"

पहिल्यांदा मुलीचं आणि तिच्या आईचं कौतुक. आता नानम्मांचा प्रश्न आधी घेते, कारण तो सुटला नाही तर बाकीचं बोलणं वाया.

अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या चरणावरून नावाचं अक्षर सांगणाऱ्या पंचांगातल्या कोष्टकात, आश्लेषाला डी, डू, डे, डो अशी अक्षरं आहेत. पंचांगात चुकलेलं काही नाही. पण याच चक्रात आर्द्रेला 'ङ' आहे आणि हस्ताला 'ण'. 'ङ'वरून सुरू होणारं नाव कुणी ऐकलंय? म्हणजे ही अक्षरं हाक मारायच्या नावासाठी बांधलेली नाहीत, पत्रिकेसाठी आहेत. आपल्याकडे जुन्या घरांत राशीचं नाव वेगळं आणि व्यवहाराचं नाव वेगळं, अशी सोय होतीच. माझ्या आईचं राशीचं नाव आम्हाला ती गेल्यावर, ट्रंकेतल्या पत्रिकेत सापडलं. 'डे'चं जे काही नाव गुरुजी सुचवतील ते पत्रिकेत लिहू द्या, बारशाला आत्यानं कानात सांगताना आधी तेच सांगू द्या. दाखल्यावर मात्र दुसरं. नानम्मांना हे पत्नीनं सांगू नये, तुम्ही सांगा. आणि तेलुगूत सांगा.

मी सोलापुरात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बारशाच्या आधी फोन येतातच. पूर्वी लोक विचारायचे, "बाई, चांगलं अर्थाचं नाव सांगा." आता विचारतात, "बाई, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल असं सांगा." या दुसऱ्या मागणीतून 'रेयांशी' जन्माला येते. मोबाईलवर तिचा अर्थ 'सूर्याचा अंश' असा दिलेला असेल. रवि आणि अंश यांचा संधी केला तर 'रव्यंश' होतं, 'रेयांश' नाही. मला तर त्यात इंग्रजीतला किरण म्हणजे 'रे' दिसतो, त्याला मागून संस्कृत शेपूट जोडलेलं. नाव कानाला गोड आहे, ठेवलं तर आकाश कोसळणार नाही. फक्त उद्या मुलगी शाळेतून येऊन "माझ्या नावाचा अर्थ काय" म्हणून विचारेल तेव्हा खोटा अर्थ सांगू नका. नाव संस्कृत आहे असं कुणी सांगितलं की आपट्यांचा कोश उघडावा, मराठी म्हणून सांगितलं तर मोल्सवर्थ. पुराणातलं असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश. शहरातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात ही पुस्तकं असतात, हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा. अर्धा तास पुरतो.

आता पत्नीची यादी. पुस्तकातून नाव घ्यायचं तर त्या माणसाची गोष्ट शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्यावी, एवढाच माझा आग्रह असतो. पहिल्या अंकावर भुलून नाव ठेवणारे फार.

देवयानी घ्या. ऐकायला राजस. शुक्राचार्यांची मुलगी, कचावर जीव लावते, बापाकडून त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करून घेते. तो म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून बाहेर आलो, तू माझी बहीण झालीस. दोघं एकमेकांना शाप देतात. मग शर्मिष्ठेशी भांडण, विहीर, ययातीनं हात धरून बाहेर काढणं, आणि त्याच शर्मिष्ठेला दासी म्हणून बरोबर नेणं. खांडेकरांची 'ययाति' 1959 मध्ये आली, 1974 मध्ये तिला ज्ञानपीठ मिळालं, आणि मराठी घरांत देवयानी कायमची अहंकारी ठरली. सगळी सहानुभूती शर्मिष्ठेकडे गेली. मला स्वतःला महाभारतातली देवयानी आवडते. अपमान गिळत नाही, बापाशी सरळ बोलते. तुमच्या पत्नीनं ही बाजू बघून नाव निवडलं असेल तर जरूर ठेवा. नुसतं 'देवाकडे नेणारी' एवढ्या अर्थावर निवडलं असेल तर एकदा पुन्हा बोला.

पण गोष्ट वाईट म्हणून नाव वाईट, असंही नाही हं. अहल्येची मूळ गोष्ट काय आहे? फसवणूक, शाप आणि शिळा. आणि आज सोलापुरात ते नाव घेतलं तर शिळा कुणाच्या डोळ्यांपुढे येते? 2019 पासून आपल्या विद्यापीठावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. एका बाईनं आपल्या आयुष्यानं ती शिळा पार पुसून टाकली. राहुलचंही तसंच. बौद्ध परंपरेत त्या नावाचा अर्थ 'बंधन' असा सांगतात, घर सोडून निघालेल्या बापाचा तो उसासा होता. आता ते नाव गल्लोगल्ली आहे आणि त्यात उसासा कुणाला ऐकू येत नाही. तेव्हा गोष्ट माहीत असावी, तिचं भय बाळगू नये.

कादंबरी. बाणभट्टाची नायिका, सातव्या शतकातली. ग्रंथ अर्धा राहिला, बाणाच्या मुलानं पुरा केला. दोन दोन जन्मांची ताटातूट होऊन शेवट गोड होतो. इथपर्यंत उत्तम. पण त्या एका नायिकेच्या नावावरून मराठीनं सगळ्या नॉव्हेलांनाच कादंबरी म्हणायला सुरुवात केली, कन्नडमध्येही तेच. म्हणजे तुमची मुलगी बाकावर बसली की मागचा पोरगा विचारणार, "किती पानांची गं?" शिवाय संस्कृतात कादंबरी म्हणजे एक मद्यही. हे सांगून मी एका वकील बाईंना घाबरवायला गेले होते, त्या हसून म्हणाल्या, "मग तर ठेवतेच." ठेवलं. मुलगी आता नाव सांगताना आपणच आधी विनोद करते, त्यामुळे दुसऱ्यांना जागा उरत नाही. ज्या घरात असं हसू आहे त्या घरात कादंबरी छान नांदेल.

विशाखा. कुसुमाग्रजांचा संग्रह, 1942. बौद्ध वाङ्मयात श्रावस्तीची उपासिका विशाखा, बुद्धाला आणि भिक्षूंना उदंड दान देणारी. दोन्हीकडून नाव भरलेलं. अडचणी दोन. विशाखा हे नक्षत्र आहे, आणि मुलगी आश्लेषाची. नानम्मा म्हणतील, "जन्मली एका नक्षत्रावर, नाव दुसऱ्याचं?" दुसरं, 1997 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आपल्याकडच्या कचेऱ्यांत 'विशाखा समिती' हा शब्द रुळलाय. महिलांच्या छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती ती. मुलगी पुढं नोकरीला लागली की महिन्यातून एकदा कुणीतरी ते वाक्य टाकणार. मला यात वावगं काही वाटत नाही, उलट नावाला धाक येतो. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट तोंडाची आहे, आणि ती सोलापुरात जेवढी महत्त्वाची तेवढी पुण्यात नाही. आपल्या शहरात एका नावाला दिवसभरात चार भाषांतून हाक पडते. घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, दुकानात उर्दू. तेलुगूत गेलं की नावाचा शेवटचा दीर्घ 'आ' आखूड होतो: सीता तिथं 'सीत' लिहितात, ललिता 'ललित'. कन्नडमध्ये तोच 'आ' पुष्कळदा 'ए'कडे झुकतो, सीतेची 'सीते' होते. बोलण्यात महाप्राण अक्षरं सैल पडतात, विशाखाची 'विशाका' आणि शर्मिष्ठेची 'शर्मिष्टा' व्हायला वेळ लागत नाही. 'ज्ञ'चं तर विचारूच नका. ज्ञानदा मराठीत 'द्न्यानदा', हिंदीवाल्याच्या तोंडी 'ग्यानदा', आणि रोमन अक्षरांत लिहायला बसलात की घरात तीन स्पेलिंगं आणि दोन भांडणं. 'ळ' मात्र खुशाल वापरा. मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत तो आहे, अडतो फक्त हिंदीवाला. चोखोबांची बहीण निर्मळा, तिचे अभंग आहेत. निर्मला पुष्कळ दिसतात, निर्मळा कुणी ठेवत नाही. का कोण जाणे.

म्हणून नाव ठरवायच्या आधी नानम्मांना ते नाव स्वयंपाकघरातून ओट्यावर ऐकू जाईल असं मोठ्यानं मारायला सांगा. पाच वेळा. त्यांच्या तोंडी जे रूप येईल तेच मुलीचं खरं नाव होणार आहे, दाखल्यावरचं नव्हे.

मग गल्ली. ही माझी स्वतःची फजिती आहे. मुलगा झाला तेव्हा मी नुकतं 'मृच्छकटिक' शिकवत होते. चारुदत्त! उदार, रसिक, गरिबीतही मान ताठ. यजमान म्हणाले, जरा जड होतंय. मी ऐकलं नाही. पाचव्या वर्षी गल्लीत त्याचं 'चाऱ्या' झालं. जनावराचा चारा तो. पुढं क्रिकेटमध्ये चार धावांवर बाद झाला की "चाऱ्या चारवर गेला." दहावीपर्यंत तो माझ्याशी यावर बोलायचा नाही. आता बोलतो, पण 'आई' म्हणण्याआधी थोडा थांबतो असं मला उगीच वाटतं. सांगायचं काय, सोलापूरची गल्ली प्रत्येक नावाला 'या' किंवा 'ई' लावतेच. लावून बघा. जे उरेल ते सोसवेल का, ते बघा.

मुलांच्या नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण उद्या तिच्या भावासाठी विचारायला लागेल म्हणून एक सांगते. कर्णावरच्या कादंबऱ्या वाचून लोक 'राधेय' ठेवतात. राधेय म्हणजे राधेचा मुलगा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम झालाय. आता 'राधेय स्वाती' असं लिहिलेलं वाचा. राधेचा मुलगा, स्वातीचा. कौंतेय, सौमित्र, गांगेय या सगळ्यांची हीच गत. पार्थसुद्धा पृथेचाच, पण तो इतका वापरून गुळगुळीत झालाय की आता कुणाला पृथा आठवत नाही. मुलींत वैदेही, मैथिली यांना ही अडचण नाही, त्या देशावरून आल्यात. तुमच्या मुलीचंही नाव निवडताना लगेच पुढं आईचं नाव लावून वाचा. दोन्ही नावं एकाच अक्षरावर संपत असली तर रांगेत पुकारताना एकच नाव वाटतं.

कागदांचा विषय निघालाच आहे तर घाई कशाची आहे आणि कशाची नाही ते कळू दे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, ती करा. पण त्या नोंदीत नाव असलंच पाहिजे असं नाही. नावाशिवाय नोंद होते, नाव 12 महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतरही शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. दवाखान्यात फॉर्म भरणारा "नाव सांगा, नाव सांगा" करतो म्हणून सुचेल ते सांगून टाकलेली मंडळी मी पाहिलीत. एकदा घातलेलं नाव बदलायचं म्हणजे प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि हेलपाटे. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदललाय, त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पुढं सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा. तेव्हा त्यावर जे येईल ते एकेक वेलांटी तपासून येऊ द्या. आमच्या ओळखीतल्या एका 'ऋचा'ची एका कचेरीत 'रूचा' झाली, आणि ती ऋग्वेदातून निघून थेट कुठंच नाही अशा जागी गेली.

आता तुमच्या घरासाठी माझ्या मनात काय आहे ते.

साहित्य म्हणजे फक्त छापलेलं मराठी, असं धरून चाललात तर सोलापूरला फार थोडं मिळेल असं वाटतं. तसं नाही. हे शहर ज्यांना ग्रामदैवत मानतं ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. सोन्नलगी हे तेव्हाचं गाव. तळ्याकाठी मंदिर आहे, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, नंदीध्वज निघतात, हे सगळं आपण बघतो, पण ते कवी होते हे विसरतो. त्यांच्या वचनांच्या शेवटी मुद्रा, म्हणजे कवीची सही, असते 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. लहानपणी ते मल्लय्याच्या, म्हणजे मल्लिकार्जुनाच्या, शोधात श्रीशैलाला गेले, अशी कथा. त्या मल्लिकार्जुनाला मल्लिकेची फुलं वाहिली म्हणून ते नाव, असं परंपरेत सांगतात.

मल्लिका म्हणजे मोगरा. तुमच्या तेलुगूत 'मल्ले', कन्नडमध्ये 'मल्लिगे'. सोळाव्या शतकात तेलुगूत रामायण लिहिणारी मोल्ल होती, कुंभाराच्या घरची म्हणून सांगतात, आणि 'मोल्ल' हेही जाईजुईच्या घराण्यातलंच एक फूल. आणि पत्नीच्या बाजूनं मराठीत मोगरा फुललेला आहेच, ज्ञानदेवांच्या दारात. एका फुलाला तीन भाषांतल्या कवितेनं हात लावलाय, आणि तुमच्या घरात त्यातल्या दोन भाषा रोज बोलल्या जातात. नानम्मा 'मल्लिक' म्हणतील, ते तेलुगूत शुद्धच आहे. गल्लीत 'मल्ली' होईल, ते आधीच देवाचं नाव आहे.

खोट सांगायला हवी. 'ल्ल' नीट लिहिला नाही तर मल्लिकाची 'मलिका' म्हणजे राणी होते, आणि काना पडला तर 'मालिका', संध्याकाळी सातला लागणारी. दाखल्यावर जोडाक्षर बोट ठेवून तपासा.

फुलाचं नाव नको, ठसठशीत हवं असं पत्नीचं म्हणणं असेल तर 'मुक्ता'. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवाला धाकटी बहीण ताटीचे अभंग म्हणून बाहेर काढते. मराठीत एवढी लहान आणि एवढी अधिकारानं बोलणारी मुलगी दुसरी नाही. आणि 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, तीही शाळकरी पोरच. मुक्ता म्हणजे मोतीही, तेलुगूत 'मुत्यम्', कन्नडमध्ये 'मुत्तु', म्हणजे अर्थ सांगायला नानम्मांपुढं शब्दकोश लागणार नाही. गल्लीत 'मुक्के' होईल. ते मी मुद्दाम आधी सांगतेय, माझ्यासारखं पाचव्या वर्षी कळायला नको.

मंगळवेढ्याची म्हणून पत्नी कान्होपात्रेचं नाव काढेल कदाचित. गावाचा अभिमान असतोच. ती बिदरच्या बादशहाकडे जायला नकार देऊन विठ्ठलाच्या पायाशी प्राण सोडणारी कवयित्री आहे, मला तिच्यापुढं उभं राहताना भरून येतं. पण तान्ह्या मुलीच्या पाळण्याला ते ओझं मी बांधणार नाही. तिचे अभंग मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर वाचायला द्या.

बारसं तिथीला होऊन जाऊ द्या, घुगऱ्या वाटा. आत्यानं कानात 'डे'चं नाव सांगितलं की नानम्मा निवांत होतील. मग दुसरं नाव तिला स्वतःलाच मोठ्यानं घ्यायला लावा, तुमच्या बहिणीला. 'रेयांशी' तिनं शोधलं होतं, तिला वाईट वाटायला नको. आणि नाव घालायचा महानगरपालिकेचा फॉर्म त्या दिवशी भरू नका. महिनाभर दोन्ही नावांनी हाका मारून बघा.